रोझेन झोपेत काय बोलली

बार्बा केर्द्रेओनला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी लागली, आणि ती कशामुळे लागली हे तिनं शेजारणीला सांगितलं तेव्हा शेजारीण तिला वेडी समजली.

ऑगस्ट संपत आला होता. शेतातला गहू निघून गेला होता. एक पोरसवदा बाई सायकल ढकलत चढ चढून बार्बाच्या अंगणात आली. घामानं निथळत होती. दम खाऊन ती बोलायला लागली, तेव्हा बार्बाला वाटलं, ही रेडिओवरची असावी. शब्द ब्रेटनच होते, फ्रान्सच्या या पश्चिम टोकाच्या भाषेतलेच, पण कडक इस्त्री केलेले. निम्मे कळले, निम्मे कानाजवळून निघून गेले.

बाईचं नाव आर्मेल. रेन शहरातली. तिच्या सांगण्याचा सारांश असा की, खाली लानेवेन गावात पाद्रीबाबांचं जुनं घर रिकामं पडलं होतं, ते नगरपालिकेनं काही पालकांना दिलं होतं आणि सप्टेंबरपासून तिथे शाळा भरणार होती. तीन ते सहा वर्षांची नऊ मुलं. मोजणं, गाणं, जेवणं, भांडणं, सगळं ब्रेटनमध्ये. मुलांचा स्वयंपाक करायला आणि दुपारी ती झोपली की त्यांच्यापाशी बसायला एक बाई हवी होती. अट एकच, उंबऱ्याच्या आत फ्रेंच बोलायचं नाही.

बार्बानं हातातली बादली खाली ठेवली. "माझी चेष्टा करायला एवढा चढ चढून आलात?"

"नाही हो. तीन गावं पालथी घातली. जिथे जाते तिथे बायका म्हणतात, आम्हाला नाही बाई ब्रेटन येत. आणि मी पाठ वळवली की एकमेकींशी ब्रेटनमध्येच मला हसतात."

बार्बाला हसू आवरलं नाही. तिनं आर्मेलला आत घेतलं, कॉफी दिली, कुट्टूचं धिरडं खाऱ्या लोण्याबरोबर दिलं, आणि कप विसळता विसळता हो म्हणून बसली.

हो म्हणाली खरी, पण रात्रभर तिला त्याचं नवल वाटत राहिलं. ती सात वर्षांची असताना याच लानेवेनच्या शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी जोड्याचा तुटका तुकडा दोरीनं अडकवत. दुसरं कुणी ब्रेटन बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात जाई. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात तो उरे, त्याला मार. एकदा मधली सुटी संपत आली आणि तुकडा बार्बाच्याच गळ्यात होता. तिनं आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या पायाच्या अंगठ्यावर जोरात पाय दिला. मैत्रीण कळवळून ओरडली, आणि ओरडली ती अर्थातच आईच्या भाषेत. बार्बानं दोरी तिच्या गळ्यात घातली. मैत्रीण पुढे शिकून मास्तरीण झाली, बार्बा गाई राखायला लागली, पण त्या दिवसापासून दोघींत पहिल्यासारखं काही राहिलं नाही.

आणि आता त्याच भाषेचा कुणी पगार द्यायला तयार होतं.

पहिल्या दिवशीच एक विचित्र गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिला मुलांशी ब्रेटन बोलता येईना.

म्हणजे भाषा कुठे जाणार होती? कोबी चिरताना ती कोबीशी बोलत होती, चुलीशी बोलत होती, आर्मेलशी तासन् तास बोलत होती. पण समोर लहान मूल आलं, त्यानं नाक पुसायला वर केलं, की तिच्या तोंडून आपसूक फ्रेंच निघायचं. तेही मोडकंतोडकं, बाजारापुरतं. चाळीस वर्षांची सवय होती ती. ओन नदीच्या या खोऱ्यात आईबाप आपसांत ब्रेटन बोलत, म्हाताऱ्यांशी ब्रेटन बोलत, जनावरांशी ब्रेटन बोलत आणि मुलांशी मात्र फ्रेंच. मुलांचं भलं व्हावं म्हणून. बार्बानं आणि तिच्या आता हयात नसलेल्या नवऱ्यानं, लोराननं, आपल्या एकुलत्या ओदीलला असंच वाढवलं होतं. ओदील आता पस्तिशीची होती, कँपेरच्या एका कचेरीत चांगल्या जागेवर होती, आणि एक रविवार सोडून एक रविवार गाडी घेऊन जेवायला यायची. मायलेकी हवेबद्दल, दुखण्याखुपण्याबद्दल बोलायच्या. मग बार्बाचं फ्रेंच संपायचं.

"जमेल हळूहळू," आर्मेल म्हणाली. "मुलं असतानाही भांड्यांशीच बोला. ती ऐकतील."

आर्मेलचंही काही कमी हसं होत नव्हतं. ती मुलांना 'तू' म्हणायची. पुस्तकात तसं होतं. पण या खोऱ्यात ब्रेटन बोलताना 'तू' कुणी कुणाला म्हणतच नाही. नवरा बायकोला तुम्ही म्हणतो, आई बाळाला तुम्ही म्हणते, आणि गाय लाथ मारते तेव्हा तिलाही 'अहो, जरा नीट उभ्या राहा' असंच सांगतात. आर्मेलनं एका चिमुरड्याला "तू ये इकडे" म्हटलेलं ऐकलं आणि बार्बाच्या हातातली पळी थांबली. असं तिनं चर्चमधल्या प्रार्थनेतच ऐकलं होतं, देवाला उद्देशून. तिनं तसं सांगितलं, तेव्हा आर्मेल लालबुंद झाली आणि तिनं खिशातली वही काढून लिहून घेतलं. ती वही पुढे कायम स्वयंपाकघरातच राहिली.

मुलांमध्ये रोझेन नावाची साडेतीन वर्षांची मुलगी होती. लाल मोजे, कपाळावर सरळ कापलेले केस. तिचा बाप रेमी कुएफ पाटीच्या दगडाची छपरं शाकारायचा, आई निकोल कोंबड्यांच्या कारखान्यात पाळीवर जायची. गंमत अशी की मुलीला या शाळेत घालायचा हट्ट निकोलचा होता, आणि निकोल मुळात ल मान्सकडची, तिला ब्रेटनचा एक शब्द येत नव्हता. रेमी याच खोऱ्यातला, आणि त्यालाच ही शाळा डोळ्यांसमोर नको होती.

रोझेन वर्गात बसेना. पहिल्या आठवड्यात ती उठून स्वयंपाकघरात आली, बटाट्यांच्या पोत्याशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसली आणि तिथलीच झाली. आर्मेलनं दोनतीनदा उचलून नेली, ती दोनतीनदा परत आली. शेवटी आर्मेलनं नाद सोडला. सकाळी तास दीड तास रोझेन स्टुलावर बसून बार्बाकडे बघायची. बोलायची नाही. ब्रेटन नाही, फ्रेंचही नाही. भूक लागली की भांड्याकडे बोट, तहान लागली की नळाकडे. बार्बा गाजरांशी बोलत राहायची. "या आता, कातडी सोलू द्या. असं काय करता? थंडी वाजते?" रोझेनचे डोळे बार्बाच्या तोंडावरून हलत नसत.

ऑक्टोबर गेला. बाकीची मुलं एकेक शब्द बोलू लागली. मग दोन शब्द जोडून बोलू लागली. रोझेन गप्प. नोव्हेंबरच्या सुटीनंतर रेमी शाळेत आला. घरी मुलगी धो धो फ्रेंच बोलते, पण शाळेत काय केलं असं विचारलं की ओठ मिटून घेते, असं तो म्हणाला. नाताळनंतर तो पुन्हा आला. या वेळी त्यानं टोपीही काढली नाही.

"पोर मुकी करून ठेवलीत तुम्ही," तो आर्मेलला म्हणाला. "माझ्या आईनं ही भाषा माझ्यापासून लांब ठेवायला जन्म घालवला. आणि आता तुम्ही शहरातून येऊन ती माझ्या पोरीच्या घशात कोंबताय. ईस्टरपर्यंत बघतो. नाहीतर नेली म्हणून समजा."

आर्मेल त्याला समजावत राहिली की मुलं आधी कित्येक महिने नुसती ऐकतात, आत साठवतात, घाई करून चालत नाही. हे तिनं कुठेतरी वाचलं होतं. पण सांगताना तिचा आवाज डळमळत होता, कारण वाचलेलं खरं असतं की नाही हे तिनंही अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि एक मूल गेलं तर आठच उरणार होती. नगरपालिकेतले निम्मे लोक त्याचीच वाट बघत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती दुपार आली.

जेवण झाल्यावर मुलांना माडीवरच्या खोलीत झोपवत. पूर्वी तिथे पाद्रीबाबांचं कपाट आणि पलंग होता, आता नऊ छोट्या गाद्या होत्या. बार्बा खिडकीशी खुर्ची टाकून मोजे विणत बसायची. त्या दिवशी बाहेर धुकं होतं, खोलीत दुधाळ उजेड होता. सगळी मुलं गाढ झोपली होती. सुयांचा आवाज तेवढा येत होता.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

बार्बानं मान वर केली. दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"थांबा, हात नका लावू. तापलंय ते. मी फुंकर घालते, मग तुम्ही खा."

आवाज गाद्यांमधून येत होता. बार्बा उठली, लोकरीचा गुंडा घरंगळत गेला. रोझेन कुशीवर झोपली होती. डोळे मिटलेले, पापण्यांखाली बुबुळं हलत होती, आणि ओठ हलत होते.

"खरवड कुत्र्यांना द्या," रोझेन म्हणाली. "कुत्र्यांना खरवड आवडते."

मग तिनं एक सुस्कारा सोडला, मूठ गालाखाली घेतली आणि गप्प झाली.

बार्बा गुडघ्यांवर बसली ती बसलीच. ओटच्या लापशीच्या भांड्याला जी खरवड धरते तिच्यासाठी ती पोर जो शब्द बोलली तो या खोऱ्यातला, त्यातही या काठावरचा. बार्बाची आई तो म्हणायची. आर्मेलच्या जाड शब्दकोशात तो नव्हता. बार्बानं स्वतःही तो कुठल्या माणसासमोर उच्चारल्याचं तिला आठवत नव्हतं. भांडं घासताना भांड्यापाशी पुटपुटली असेल तेवढीच. आणि तो आता एका छपरं शाकारणाऱ्याच्या, ल मान्सच्या बाईच्या पोटच्या पोरीच्या झोपेत होता. शिकवलेलं मूल जागेपणी म्हणून दाखवतं. झोपेत कुणी पाठांतर म्हणून दाखवत नाही. ही भाषा त्या पोरीच्या आत, जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथे जाऊन राहिली होती.

चर्चमध्ये घंटा वाजल्यावर माना खाली घालतात तशी तिनं मान खाली घातली. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही.

चार वाजता मुलं गेल्यावर तिनं आर्मेलला सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. शेवटी ओशाळून म्हणाली, "एक चूक मात्र केली तिनं. माझंच बोलणं नीट नसणार."

"कसली चूक?"

ब्रेटनमध्ये एक कुत्रा म्हणजे 'की'. पण कुत्रे अनेक असले की शब्दच बदलतो, त्यांना 'शास' म्हणतात. रोझेन 'शास' म्हणाली नव्हती. इतर प्राण्यांच्या नावांना शेवटी जो प्रत्यय लागतो तो तिनं 'की'ला लावला होता आणि 'किएद' म्हणाली होती. बार्बानं साठ वर्षांत कुणाच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं.

आर्मेल फळा पुसत होती. तिचा हात फळ्यावरच राहिला.

"तुम्ही कधी असं म्हणालात?"

"छे. मी कशाला म्हणेन?"

"मीही नाही म्हणाले. कुणीच म्हणालं नाही." आर्मेल खाली, मुलांच्या बाकावर बसली. "मावशी, म्हणजे हे तिनं कुणाकडून ऐकलेलं नाही. तिनं स्वतः घडवलं. पक्ष्यांचं, माशांचं, सशांचं ऐकलं, त्यातून नियम काढला आणि कुत्र्याला लावला. कुणी सांगितलं तिला नियम? जेमतेम चार वर्षांची आहे ती. मी सहा वर्षं पुस्तकं घोकून शिकले ते ती बटाट्यांच्या पोत्यापाशी बसून शिकली. तोंडातून अक्षर न काढता."

एक चुकलेला शब्द दोघींच्या मधे होता आणि दोघी त्याच्याकडे, कुणी नुकतंच जन्मलेलं वासरू बघावं तशा बघत होत्या.

आर्मेलनं रेमीला निरोप धाडला. तो चर्चच्या छपरावर काम करत होता, शिडीवरूनच त्यानं ऐकून घेतलं. झोपेतल्या बडबडीवर विश्वास ठेवायला मी काय खुळा आहे का, असं म्हणाला. आणि त्या म्हातारीला पगार कोण देतं, असंही म्हणाला. हे बार्बाच्या कानावर आलं तेव्हा ती कांदा चिरत होती. तिनं सुरी ठेवली, एप्रन तसाच ठेवून चर्चकडे गेली आणि शिडीखाली उभी राहिली.

"रेमी कुएफ," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, कारण त्याच्याशी बोलायचं तर फ्रेंचच. "मी तुमच्या आईला ओळखत होते. ती खोटं बोलत नव्हती आणि मीही बोलत नाही. दीड वाजता माडीवर या. खुर्ची ठेवते."

रेमी आला. अंगावर दगडाची करडी धूळ, पायात जाड मोजे. बूट त्यानं जिन्याखाली काढले होते. पहिल्या दिवशी रोझेन दोन तास हूं की चूं न करता झोपली. रेमीनं बार्बाकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ऊब आणि शांतता पाहून तो स्वतःच घोरायला लागला. बार्बाला त्याच्या खांद्याला हलवावं लागलं, नाहीतर मुलं उठली असती. तो खजील होऊन हसला. त्या हसण्यात बार्बाला त्याची आई दिसली.

तिसऱ्या दिवशी तो आपणहून आला. का आला ते त्यानं सांगितलं नाही. खुर्ची सोडून तो रोझेनच्या गादीशेजारी भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. पाय लांब केले. एका मोज्याला भोक पडलं होतं, त्यातून अंगठा बाहेर आला होता.

तीन वाजायला आले होते. एकदोन मुलं चुळबुळत होती. रोझेननं डोळे उघडले. पूर्ण नाही, अर्धे. बराच वेळ ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर वर सरकत बापाच्या तोंडापर्यंत गेली. तिला आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही.

"बाबा," ती ब्रेटनमध्ये म्हणाली. "तुमचा पाय गारठला असेल. इकडे द्या."

आणि तिनं पांघरुणाचं टोक उचललं.

"देतो," रेमी म्हणाला.

तो ब्रेटनमध्ये म्हणाला.

बार्बानं ते ऐकलं. तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. रेमीनंही ते ऐकलं होतं, आपल्याच तोंडून. तो इतका दचकला की त्यानं हात ओठांवर नेला, जणू तिथे काही लागलं होतं. तेहेतीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं त्या भाषेत एक शब्द उच्चारला नव्हता. कुणी विचारलं तर मला कळतही नाही असं सांगायचा, आणि तसं त्याला खरंच वाटायचं. रोझेननं त्याचा पाय पांघरुणात ओढून घेतला, त्यावर हात ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले.

रेमी हलला नाही. मुलं उठली, आर्मेल वर आली, मुलांना जोडे घालून खाली घेऊन गेली. खोली रिकामी झाली तरी तो भिंतीला टेकून होता.

"मला सगळं कळलं," तो म्हणाला, फ्रेंचमध्ये. "झोपेत नाही, जागेपणी बोलली ती. आणि मला सगळं कळलं."

बार्बा मुलांची पांघरुणं गोळा करू लागली.

"आई असं बोलायची. अगदी असंच. इकडे द्या, गारठला असेल. पण ती गाईशी बोलायची. हिवाळ्यात गोठ्यात जायची, गाईचे पाय पुसायची, तासभर बोलत बसायची तिच्याशी. मी दाराशी उभा राहून ऐकायचो. किती गोड बोलायची हो. मग मला बघितलं की फ्रेंच. 'चल, अभ्यास कर. नाक पूस.' एवढंच." त्यानं नाक बाहीला पुसलं. "मला त्या गाईचा हेवा वाटायचा. मोठा झालो तरी वाटायचा. ती गेली तेव्हा मनात आलं, माझ्याशी ती खरं बोललीच नाही कधी."

बार्बाला वाटलं, आपल्यासमोर रेमी बसलेला नाही, ओदील बसली आहे. तिनं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्या वेळी आम्हा सगळ्यांना तेच बरोबर वाटलं, हाताला धरून कुणी सांगितलं होतं की नाही आता आठवत नाही, पण पोरांच्या गळ्यात दोरी नको होती. फ्रेंचमध्ये ते तिला जमेना. मग ती ब्रेटनमध्ये बोलली, आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की या खोऱ्यातल्या, आपल्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी लहान माणसाशी आपण या भाषेत बोलतो आहोत आणि शब्द अडत नाहीत. रेमी ऐकत राहिला. मधे एकदा त्यानं मान हलवली.

जिना उतरताना तो म्हणाला, "ईस्टरचं मी बोललो होतो ते सोडून द्या."

त्या दिवसानंतर रोझेन बोलायला लागली. लागली म्हणजे काय, सहा महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं. स्टुलावर बसून ती बार्बाला प्रश्न विचारायची, गाजरांना दटावायची, आर्मेलला जाऊन सांगायची की तुम्ही चुकीचं म्हणता, मावशी असं म्हणत नाहीत. आर्मेल वही काढायची. 'किएद' दोनतीन आठवडे टिकला, मग एके दिवशी तिच्या तोंडून 'शास' निघाला आणि ती चूक जशी आली तशी गेली. आर्मेलला चुटपुट लागली. बार्बाला हसू आलं. आणि आता मुलं तिच्यापुढे नाक वर करून उभी राहिली की तिच्या तोंडून ब्रेटन यायचं. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं.

राहिली होती ओदील.

ईस्टरनंतरच्या रविवारी ती आली, नेहमीसारखी बाराच्या ठोक्याला. नव्या गाडीबद्दल बोलली. बार्बानं मटणाचा रस्सा आणि फडक्यात बांधून उकडलेला कुट्टूचा गोळा केला होता, तो ओदीलनं दोनदा मागून घेतला. कॉफी झाली. आता नेहमी यायची तशी ती शांतता आली, जिच्यात घड्याळ मोठ्यानं वाजतं आणि ओदील किल्ल्या शोधायला लागते. बार्बानं हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरले.

"आणखी थोडं बसाल का?" ती ब्रेटनमध्ये म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचं आहे."

ओदीलचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानांपर्यंत तापला.

"आता?" ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "आत्ता सुचलं तुला हे? पस्तीस वर्षांनी?"

"तुम्हाला कळलं?"

"कळलं का म्हणून विचारतेस? मला सगळं कळायचं, आई. जेवताना तू आणि बाबा माझ्या डोक्यावरून बोलायचात ते सगळं. मी नापास झाले तेव्हा काय बोललात तेही. बाबा आजारी पडले तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते तू शेजारणीला सांगितलंस, मी जिन्यावर बसले होते. मला वाटायचं, घरात एक खोली आहे, तिच्यात तुम्ही दोघं राहता, आणि मला बाहेर ठेवलंय."

ती उठली. किल्ल्या हातात घेतल्या. बार्बाला वाटलं, गेली ही. पण ओदील खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि पाठमोरी रडली. बार्बानं तिला रडू दिलं. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावा असं वाटत होतं, पण तेवढी सवय मायलेकींना नव्हती.

बऱ्याच वेळानं ओदील परत येऊन बसली. "मला बोलता येणार नाही," ती म्हणाली. "समजतं, पण तोंडातून येत नाही. येईलसं वाटतही नाही."

"नका बोलू. ऐका तुम्ही. उत्तर तुमच्या भाषेत द्या."

आणि त्यांनी तसंच केलं. त्या रविवारी आणि पुढच्या कित्येक रविवारी. आई ब्रेटनमध्ये बोलायची, लेक फ्रेंचमध्ये उत्तर द्यायची. बाहेरच्या कुणाला ते ऐकून गंमत वाटली असती, पण त्या दोघींना त्यात काही वावगं वाटेनासं झालं. बार्बाला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. मोडक्या फ्रेंचमध्ये ती आपल्या मुलीसमोर एक साधीभोळी, थोडी मंद बाई होती. आता ती नकला करत होती, टोमणे मारत होती, लोरान लग्नाच्या दिवशी बैलाला नवा सूट दाखवायला गोठ्यात गेला आणि बैलानं बाहीचं काय केलं ते सांगत होती. ओदील हसता हसता टेबलावर डोकं टेकायची. आपली आई इतकी मजेदार बाई आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या रविवारी सूर्य टेकडीपलीकडे गेला तरी दोघी बसलेल्या होत्या. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

"मी जन्मले तेव्हा," ओदीलनं विचारलं, "पहिल्यांदा तू माझ्याशी कुठल्या भाषेत बोललीस?"

बार्बाला विचार करावा लागला नाही. बारशापर्यंतचे आठ दिवस कुणी काही ठरवलं नव्हतं. लोरान शेतावर असायचा, सुईण निघून गेली होती, खाटेवर ती आणि पोर दोघीच. त्या आठ दिवसांत ती जे जे बोलली ते तिनं नंतर कुणालाही सांगितलं नव्हतं, लोरानलाही नाही.

"आपल्या भाषेत."

"काय म्हणालीस?"

"म्हणाले, आलात एकदाच्या. किती वाट बघायला लावलीत. कान दाखवा बघू तुमचे." बार्बा थांबली. "मग मी तुमचे कान बघितले. डावा थोडा दुमडलेला होता, तुमच्या बाबांसारखा. मी त्याच्यात सांगितलं की घाबरू नका, इथे सगळे आपलेच आहेत."

ओदीलचा हात नकळत आपल्या कानाकडे गेला. तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"मग?" ती म्हणाली. "पुढे सांग."